डावीकडची सीट

गाडी आली ती डेहराडूनहून,
बदली झालेल्या कुणा बाईंची.
हँडब्रेकपाशी एक बटण होतं,
त्यावर खुर्ची आणि तीन वाफांचं चित्र.
कोपरखैरण्यात कोण बसणार तापल्या पाटावर?
आम्ही हसलो. पहिली दोन वर्षं
त्या बटणावर पार्किंगच्या पावत्या ठेवल्या.

मग मंगळवार, गुरुवार, शनिवार सुरू झाले.

नेरुळला चार तास मशीनला लागून
जनार्दन बाहेर यायचा काकडत.
मे महिन्यात. स्वेटर घालून.
रिक्षावाले बघत राहायचे.
मी काचा वर करायचे, एसी बंद,
बटण आधी तीनवर,
सानपाडा आलं की दोनवर.
माझ्या ब्लाउजची पाठ चिंब,
आणि शेजारी हा हळूहळू माणसात येतोय.
कोपरीच्या सिग्नलला पहिलं वाक्य, बहुतेक वेळा
"तो ट्रक बघ."

चार वर्षांनी यमुनावन्संनी आपली किडनी दिली,
वर डबाभर तिळाच्या वड्या.
माणूस सावरला, कव्हर मात्र गेलं.
शिवणीतून स्पंज डोकवायला लागला.

तुर्भ्याचा सीटवाला म्हणाला,
"मॅडम, हीटर काढूनच टाकतो, इथे कशाला? आठ हजार."
काढू नका म्हटलं तर नऊ.
आयटीआयत बावीस वर्षं शिवण शिकवलं मी,
ते काय नऊ हजार मोजायला?

रविवारी, बिल्डिंगखाली,
बॅटरीची काळी वायर सोडून पंधरा मिनिटं थांबले.
पिवळा प्लग एअरबॅगचा, त्याला घाई खपत नाही.
नवं कव्हर सकाळपासून गच्चीवर उन्हात,
पाटणकरांच्या सांडग्यांपासून हातभर दूर,
मऊ पडावं म्हणून.
जनार्दन प्लास्टिकच्या खुर्चीत, मास्क लावून.
टॉर्च धरायचं काम त्याच्याकडे.
उजेड सगळीकडे पडत होता, हवा तिथे सोडून.

चार बोल्ट. सीट सतरंजीवर आडवी.
तिच्याखाली दोन रुपयांची तीन नाणी,
केसांचा एक चाप, माझा नव्हे,
आणि कापसाचा बोळा लावलेली चिकटपट्टी,
मध्ये तपकिरी ठिपका.
टॉर्च बाजूला वळला.
मीही काही बोलले नाही.

तारेच्या कड्या एकेक कापल्या.
हुकासारख्याच, पण एकदा निघाल्या की परत न लागणाऱ्या.
कव्हर सोललं, गरम बटाट्याचं साल काढावं तसं.
आत पातळ चटई, तिच्यात केसाएवढी तार,
नागमोडी. दुमडली की संपलं.
एवढ्याशा तारेवर आपण माणूस तापवत होतो!

आणि मग खड्डा.
फोमच्या मधोमध नाही. उजवीकडे.
मला कळेना. दाराला टेकूनच बसायचा ना हा?
"डावा हात," तो म्हणाला.
"फिस्टुला होता ना. दाराचा धक्का नको
म्हणून इकडे सरकायचो."

इकडे म्हणजे माझ्याकडे.
चार वर्षं. आणि मी बघत होते
आरसे, सिग्नल, कंटेनर,
तो दाखवायचा तो ट्रक.

कव्हरसोबत फोमचा तुकडा आला होता, खड्डे भरायला.
मापाने कापला. लावला. काढला. हातात धरून बसले.
"भर की," जनार्दन म्हणाला,
"कंबर धरते त्या खड्ड्याने. आता सरळ बसतो मी."
भरला.

नवं कव्हर गुडघे रोवून बसवलं,
एक कोपरा अजून चुणीदार आहे, राहू दे.
वायर जोडली. एअरबॅगचा दिवा
दुसऱ्या खेपेला विझला.
मी त्याच्या जागेवर बसले. पहिल्यांदाच.
तो स्टिअरिंगमागे, नुसताच,
गाडी चालवायला डॉक्टरांची अजून परवानगी नाही.

बटण तीनवर.
आधी काहीच नाही.
मग सावकाश,
कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं.

"तापतंय का?"
"तापतंय."
"मग बंद कर, बॅटरी उतरेल."